आठव्या व्हर्जनवरची सही

फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मोबाइलवर चेन्नईजवळच्या आवडी गावाचा नंबर दिसला आणि मी उठून बाहेर आले. त्या नंबरवरून नेहमी सुभद्राक्का बोलायच्या आणि कामाच्या वेळात त्या मला एरवी कधी फोन करत नसत. पलीकडून त्यांचे यजमान, वेंकटराव काका बोलत होते. "वैशाली, सुभद्रा गेली," ते म्हणाले. "सकाळीं कॉफी गाळत होती. तेथेच खाली बसली. डॉक्टर येईतोंवर अवघं जाहलं होतं." मी कधी, कसं असलं काहीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी तीच चार वाक्यं त्याच शब्दांत पुन्हा सांगितली. मी मीटिंगमध्ये परत गेले, खुर्चीत बसले आणि समोरच्या पडद्यावर काय चाललंय ते मला काही केल्या कळेना.

त्याला आता पाच आठवडे झाले. अक्कांबद्दल लिहायचं ठरवल्यापासून एकच दिवस डोळ्यांसमोर येतोय. त्या दिवशी मी जशी वागले ते गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे लिहायचं तर तोच दिवस लिहायला हवा.

नव्या शतकाची पहिली तीन-चार वर्षं असतील. मी कराडहून इंजिनियर होऊन चेन्नईत नोकरीला आले होते. आमचं ऑफिस एग्मोरमध्ये, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही बारा माणसं हॉस्पिटलांच्या रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. कुणी रक्त दिलं, कोणत्या गटाचं, पिशवीवर कोणतं लेबल लागलं, ती कुणाला गेली... हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम. सगळे तिशीच्या आतले, आणि त्यात एकट्या सुभद्राक्का पन्नाशी ओलांडलेल्या. आवडीच्या संरक्षण कारखान्यात त्या टाइपिस्ट होत्या. तिथे पहिले संगणक आले तेव्हा बाकीच्यांनी हात मागे घेतला, यांनी पुढे केला. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या आमच्याकडे आल्या. काम होतं तपासणीचं. आम्ही लिहिलेला प्रोग्राम हॉस्पिटलात जाण्याआधी तो कुठे मोडतो ते शोधायचं.

त्यांचं घराणं मूळचं तंजावरकडचं, पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला "जेवण जाहलं की?" असं विचारलं आणि मला हसू फुटलं. त्याही हसल्या. "तूं पेपरांतलं मराठी बोलतेस गे," म्हणाल्या. "आमच्या घरीं असं कोणी बोललं तर आम्हीं उठून उभे राहूं." मग रोज डबा खाताना आम्ही मराठीत बोलायचो. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चढत-उतरत जायची आणि अडली की सरळ तमिळमध्ये शिरायची.

प्रोग्रामचं प्रत्येक नवं व्हर्जन त्या सीडीवर उतरवून ठेवत आणि त्यावर जाड पेनाने आकडा घालत. शिवाय एक लांबट वही होती. कोणत्या व्हर्जनमध्ये काय बदललं, कुणी बदललं, आपण काय काय करून पाहिलं, आणि खाली सही. आमचे मालक रंगनाथन सर त्या वहीची थट्टा करत. जुनी व्हर्जनं कुणाला हवी असतात, असं त्यांचं म्हणणं.

चौदावं व्हर्जन माझं होतं. पिशवीवरचं लेबल छापण्याचा भाग मी नव्याने लिहिला होता. मला दिलेलं ते पहिलं मोठं काम. ते हॉस्पिटलांत गेलं आणि तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग गुम्मिडिपूंडीच्या बाजूच्या एका खाजगी हॉस्पिटलातून फोन येऊ लागले. आजूबाजूच्या कारखान्यांत अपघात झाला की माणसं तिथे आणत. प्रोग्राम मधेच बंद पडतोय, रक्तपेढीतले लोक म्हणत. आपोआप, काही न सांगता, पडदा कोरा. कधी दिवसात दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. पण पडायचा तो नेहमी लेबल छापतानाच. म्हणजे माझ्याच भागात.

मी चार दिवस माझा कोड ओळ-ओळ वाचून काढला. आमच्या ऑफिसात तो एकदाही बंद पडला नाही. पाचव्या दिवशी तिथल्या तंत्रज्ञ सेल्वी यांचा फोन आला, तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात सापडलेल्या एका कामगारासाठी रक्त हवं होतं. घाई होती, प्रोग्राम पुन्हा बंद पडला होता, म्हणून त्यांनी तीन पिशव्यांवर हाताने लेबलं लिहिली. त्यातल्या एकीवर 'ओ'च्या जागी 'बी' लिहिलं गेलं. पिशवी वर पाठवण्याआधी शेवटची जुळणी करताना ते त्यांच्याच लक्षात आलं. माणूस वाचला. पण फोनवर त्या एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "मी नसती पाहिली तर... मी नसती पाहिली तर..."

रंगनाथन सरांनी त्याच दुपारी तिथे तेरावं, म्हणजे माझ्या आधीचं व्हर्जन परत बसवायला लावलं. दोन दिवस प्रोग्राम बंद पडला नाही. आणखी पुरावा कुणाला हवा होता? सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, आवाज न चढवता सांगितलं की शनिवारपर्यंत राजीनामा दे, म्हणजे तुझ्या कागदांवर काही लिहावं लागणार नाही. मी मान डोलावली. खरं सांगते, चूक माझीच आहे यावर माझाही विश्वास बसला होता. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की प्रेसमध्ये हात सापडलेला, मी कधीही न पाहिलेला तो माणूस दिसायचा.

शुक्रवारी सकाळी अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. "चूक कोठे आहे, तें सांपडलं?"

"नाही. पण माझ्याच व्हर्जनमध्ये आहे ना. तेरावं नीट चालतंय."

"दोन दिवस चाललं. चौदावं देखील मधें दोन दोन दिवस चालत होतं की." त्यांनी वही आणि सीडींचा गठ्ठा पिशवीत भरला. "ऊठ. तेथे जाऊन पाहूं. तुझी म्हणून शिक्षा घेतेस, तर तुझी आहे हें तरी बघून घे."

लोकलने गुम्मिडिपूंडीला पोचायला दीड तास लागला. अक्का खिडकीशी वही उघडून बसल्या होत्या आणि मी एन्नोरच्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघत होते. पोचल्यावर सेल्वींनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कारखान्यात रक्तदान शिबिर होतं. साठ माणसं येणार होती. म्हणजे साठ लेबलं. रंगनाथन सर चार वाजता येऊन तेरावं व्हर्जन कायम ठेवायचं म्हणून कागदावर सही देणार होते. घड्याळात साडेदहा झाले होते.

रक्तपेढीत एक जास्तीचा संगणक होता. अक्कांनी सेल्वींकडून ज्या दिवशी लेबल चुकलं त्या दिवसाचं रजिस्टर मागून घेतलं. "त्या दिवशीं काय काय भरलं तें अवघं त्याच क्रमानें पुन्हा भरायचं," म्हणाल्या. सेल्वी वाचू लागल्या, मी भरू लागले. आधी चौदावं. बाविसाव्या नोंदीला लेबल छापायला दिलं आणि पडदा कोरा झाला. मी अक्कांकडे पाहिलंही नाही. माझंच होतं ते... मला माहीत होतं.

"सरि," अक्का तमिळमध्ये 'ठीक' म्हणाल्या. "आतां तेरावं."

"तेरावं तर चालतंय..."

"भर."

पुन्हा तीच नावं, तेच गट. वीस झाल्या, बावीस झाल्या, लेबल आलं. मी श्वास सोडला. पंचविसावी नोंद केली, बटण दाबलं आणि पडदा कोरा झाला. सेल्वींच्या हातातलं रजिस्टर खाली गेलं. आता पहिल्यांदाच मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या म्हणाल्या, "म्हणजे आत्तां या क्षणीं, तेथे त्या मोठ्या संगणकावर जें चाललंय, तें देखील पडणार. उद्यां शिबिरांत पडणार."

मी सुटले होते, पण हायसं वाटायला वेळच मिळाला नाही. साडेबारा वाजत आले होते. प्रत्येक व्हर्जन काढायचं, दुसरं बसवायचं, नोंदी भरायच्या, यात पाऊण तास जाई. बारा व्हर्जनं एकेक करून बघायला दिवस पुरला नसता. अक्कांनी गठ्ठ्याच्या मधोमध बोट घातलं आणि सातवी सीडी काढली. "हें चांगलं निघालं तर चूक याच्या नंतरची. वाईट निघालं तर आधींची. प्रत्येक वेळीं अर्धं टाकून द्यायचं." सातवं व्हर्जन शेवटच्या नोंदीपर्यंत चाललं. आम्ही दोनदा भरून पाहिलं. मग दहावं. ते सोळाव्या नोंदीला पडलं. त्या खोलीतल्या मोठ्या फ्रीजची घरघर, सेल्वींचा एकसुरी आवाज, माझी बोटं कीबोर्डवर चुकत होती. मधेच खरोखरची एक पिशवी मागायला वरून नर्स आली, तेव्हा सेल्वींनी नर्ससकट आम्हा तिघींना थांबवून लेबल दोनदा वाचून घेतलं. कुणीही जेवलं नव्हतं. अडीच वाजत आले होते.

"आठवं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळा वाटला. सीडी हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या होत्या. आठवं अठराव्या नोंदीला पडलं.

सात चांगलं, आठ वाईट. अक्कांनी वही काढली नाही. त्यांनी रजिस्टर घेतलं आणि बोट ओळीवरून फिरवत एका नावावर थांबवलं. मुरुगेसन. एका कारखान्यातला फोरमन, नावापुढे 'जुना दाता' अशी खूण असलेला. "याला वगळून भर." वगळून भरलं, तर आठवं शेवटपर्यंत चाललं. "आतां त्याला पहिल्यांदा भर." त्याला पहिला भरला आणि चौथ्या लेबलालाच पडदा कोरा. अक्कांनी सेल्वींना तमिळमध्ये विचारलं, या माणसाने आजवर किती वेळा रक्त दिलंय? सेल्वींना कार्ड बघावं लागलं नाही. तो दर तीन महिन्यांनी न चुकता येई. "पदिनोन्नु," त्या म्हणाल्या. अकरा.

मग अक्कांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. आठव्या व्हर्जनमध्ये दात्याने आधी केलेल्या रक्तदानांची यादी पहिल्यांदा आली होती आणि त्या यादीत दहाच जागा ठेवलेल्या होत्या. अकरावं रक्तदान आलं की ते प्रोग्रामच्या आत दुसऱ्याच कशावर तरी लिहिलं जाई. लगेच काही होत नसे. पुढे लेबल छापायची वेळ आली की सगळं कोसळे, आणि लेबलचा भाग मी लिहिलेला. अडीच वर्षं कुणी अकराव्यांदा आलंच नव्हतं. आता नेमाने येणारे एकेक जण तिथवर पोचले होते आणि योगायोगाने तेव्हाच माझं व्हर्जन बाहेर पडलं होतं. पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'दहा नोंदींपर्यंत तपासलं. ठीक.' खाली सही, सुभद्रा राव.

"तो भाग रंगनाथननें लिहिला होता," अक्का हळू म्हणाल्या. "मी विचारलं होतं त्याला, अकरा जाहले तर? तो म्हणाला, अकरा वेळां रक्त कोण देतं? पुढच्या व्हर्जनमध्यें बघूं. मी सही केली. आणि पुढच्या व्हर्जनमध्यें विचारायचं विसरून गेले." मग सेल्वींकडे वळून त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, तुमचा हात चुकला, पण तो चुकण्याची वेळ मी आणली. सेल्वी नुसत्या रडू लागल्या.

रंगनाथन सर चारला दहा कमी असताना आले. अक्कांनी त्यांना उभ्याउभ्याच सगळं दाखवलं. मुरुगेसन भरला, चार लेबलं छापली, पडदा कोरा. ते वाईट माणूस नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण सावरले ते. म्हणाले, "ठीक आहे. आजच दुरुस्त करू, पंधरावं व्हर्जन म्हणून सगळीकडे पाठवू. कारण कुणाला सांगायची गरज नाही. अहवालात चौदाव्याची अडचण लिहा. ही मुलगी तर जातेच आहे."

"आणखी नऊ हॉस्पिटलांत हेंच चालू आहे," अक्का म्हणाल्या. "पंधरावं तेथे पोंचायला आठ दिवस लागतील. तोंवर कोणी अकराव्यांदा आला तर? त्यांना आज सांगायला पाहिजे."

"सांगितलं तर नऊच्या नऊ हातची जातील."

"जाऊं देत."

"अम्मा," सर म्हणाले, "तुम्ही फोन केलात तर सोमवारी येऊ नका."

अक्कांनी सेल्वींकडे पाहिलं आणि टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. सेल्वींनी तो उचलून त्यांच्यापुढे सरकवला. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या हॉस्पिटलांचे नंबर होते. अक्का एकेक फिरवू लागल्या. प्रत्येकाला तेच सांगत. दहापेक्षा जास्त वेळा रक्त दिलेल्याची नोंद प्रोग्राममध्ये करू नका, कागदावर ठेवा, लेबल दोघांनी वाचा. आणि प्रत्येकाला शेवटी सांगत की हे मी तपासलं होतं, माझं नाव सुभद्रा राव.

सर माझ्याकडे वळले. "तू राहा," म्हणाले. "बस आणि हे दुरुस्त कर. ते पत्र विसरून जा."

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. अक्का चार हातांवर पाठमोऱ्या बसल्या होत्या, फोन कानाला. त्यांना ऐकू जात होतं. घरी माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं होती हे खरं, पण त्या क्षणी मला घर आठवलं नव्हतं. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं... मी बसले आणि दुरुस्तीला लागले. तासाभरात झालं. मोजून चाळीस वेळा रक्त दिलेला एक खोटा दाता भरून पाहिला, लेबल आलं. फोन ठेवून अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "एकही रक्तदान नसलेला देखील भरून बघ." तोही भरला. मग त्यांनी पिशवी उचलली. सीडी आणि वही टेबलावरच ठेवली.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी मला बोलू दिलं नाही. "उद्यां शिबिरांत तूं असशील ना?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिबिरात माझा मोबाइल वाजला. "किती पिशव्या जाहल्या?"

"अठ्ठावन्न."

"पडलं?"

"नाही."

"सरि," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या नऊपैकी एका हॉस्पिटलात प्रोग्राम आधीच दोनदा बंद पडला होता आणि तिथली माणसं आपल्याच जुन्या संगणकाला दोष देत बसली होती, हे पुढे कळलं. दोन हॉस्पिटलं आम्हाला सोडून गेली, बाकीची राहिली. मीही दोन वर्षं राहिले आणि मग पुण्याला आले. अक्का परत कुठे नोकरीला गेल्या नाहीत. घरी एक जुना संगणक ठेवून त्या कॉलनीतल्या बायकांना शिकवू लागल्या. मला दर पंधरा दिवसांनी फोन करत, काय काम चाललंय ते बारकाईने विचारत. त्या शुक्रवारचा विषय मी काढला की म्हणत, "तें राहूं दे गे," आणि दुसरंच काहीतरी सुरू करत.

गेल्या आठवड्यात मी आवडीला जाऊन आले. काकांनी दार उघडलं, कॉफी दिली, आणि आम्ही अक्कांच्या शिकवायच्या खोलीत बसलो. संगणकावर धुतलेला पंचा पांघरलेला होता. खुर्चीच्या पाठीला निळ्या चौकड्यांच्या खोळीची एक काथ्याची उशी बांधलेली होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून काका म्हणाले, "पाठीसाठीं मींच करून घेतली. गुम्मिडिपूंडीला जाऊन आली आणि पाठ धरली तिची. म्हणून तर नोकरी सोडली. तुला ठाऊक असेल की."

त्या शुक्रवारला इतकी वर्षं झाली होती. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मुरुगेसन, वही, फोन, आणि मी गप्प बसले तेही. काही वगळलं नाही. काका जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला कळलं असतं तर मी एग्मोरला जाऊन भांडलो असतों. म्हणूनच सांगितलं नसेल." आणि मग एकदम मान वर करून, "म्हणजे पाठ दुखत नव्हती तिची?"

"मला नाही वाटत, काका."

"मी रोज तेल लावलं गे," ते म्हणाले. "रोज. बसून लावून घेत असे. एथे दुखतं, तेथे दुखतं, सांगत असे." त्यांच्या ओठांवर हसू आलं, आणि मग त्यांना डोळ्यांना पंचा लावावा लागला.

चार वाजता दार वाजलं. कॉलनीतल्या तिघी बायका होत्या. अक्का गेल्यावरही त्या रोज येतात आणि आपल्या आपणच काहीबाही करून पाहतात, काकांनी सांगितलं. त्यातल्या एकीला पत्र लिहिताना तक्ता कसा घालायचा ते हवं होतं. काकांनी संगणकावरचा पंचा काढला, खुर्ची ओढली, उशीवर एकदा हात फिरवला आणि मला म्हणाले, "बस." मी बसले. अक्का माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या होत्या. उशीला पडलेला खळगा माझ्या पाठीला बराच खाली लागत होता. मी ती वर सरकवली नाही.